मेकॅनिकचा वाटा

आमची आई सायकल-शर्यतींच्या महासंघात वसुलीला होती. तपासणीत एखाद्या खेळाडूने उत्तेजक औषध घेतल्याचं निघालं, की त्याच्यावर बंदी येते आणि जिंकलेलं बक्षीस परत करावं लागतं. नोटिशीला कुणी भीक घातली नाही, की आई स्वतः जाऊन दारात उभी राहायची. ओरडायचं नाही आणि हलायचंही नाही, हे तिचं तंत्र. घरात आमच्यावरही तेच चालायचं, त्यामुळे ते किती जालीम होतं ते मला विचारा.

बाबा एका संघाचे मेकॅनिक. सायकलवाल्यांची रीत अशी, की जिंकणारा बक्षीस एकटा खिशात घालत नाही. पैसे हातात पडले की साथीदार, मालिशवाला, मेकॅनिक, सगळ्यांना पाकिटं. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो, पण तोवर धीर कुणाला?

त्या वर्षी संघातला एक लांबटांग्या खेळाडू, सगळे त्याला बगळा म्हणत, मोठी शर्यत जिंकला आणि मागाहून औषधात सापडला. तोवर बाबांनी आपल्या पाकिटातून स्वतःच्या दुकानासाठी गाळा धरला होता. पाटीसुद्धा रंगवून दाराआड ठेवली होती.

साहेब आईला म्हणाले, "नवऱ्याचा संघ आहे, प्रकरण दुसऱ्याला देऊ का?" आईचा ताठा मोठा. म्हणाली, "माझ्याकडेच द्या."

बगळ्याने दार उघडलं. "ताई, चूक माझी, बंदी भोगतोय. पण माझ्याकडे माझ्याच वाट्याचे पैसे आहेत."

"पूर्ण रक्कम तुमच्याकडूनच घ्यायची, असा नियम आहे. मुदतीत भरली नाही, तर बंदी संपली तरी शर्यतीत उतरता येणार नाही."

"बाकीचे कुणाकडे आहेत, तुम्हाला माहीत आहे. मी नावं घेणार नाही. मेकॅनिकदादांचं तर नाहीच."

आई घरी आली ती थेट बाबांसमोर उभी राहिली.

"मी काय औषध घेतलं?" बाबा उसळले. "मी चाकं बसवली! घाम गाळलाय!"

"बक्षीस त्याचंच नव्हतं, मग वाटा कसला?"

"संघात दुसऱ्या कुणी दमडी काढली नाही. मीच का?"

"त्यांच्या बायका वसुलीला नाहीत म्हणून."

दोन दिवसांनी बाबांनी गाळा सोडला. मालकाने अनामतीला कात्री लावली, ती तूट पगारातून भरली. आईने ते पैसे हातात घेतले नाहीत. "मला नको, त्याला नेऊन द्या." बाबा देऊन आले. बाकी संघाने कानावर हात ठेवले, वर बाबांनाच घरभेदी ठरवलं.

मुदत संपली तेव्हा रक्कम अर्धीसुद्धा भरली नव्हती. बगळ्याची सायकल कायमची बंद झाली. तो हुकूम आईनेच पाठवला.

संध्याकाळी बाबांनी दाराआडची पाटी काढली आणि तिला विचारलं, "त्याचं करिअर गेलंच. मग माझं दुकान कशासाठी गेलं?"

आई दारात उभी होती. ओरडली नाही, हललीही नाही. पहिल्यांदाच मला तिची दया आली.