घड्याळबाईचं खातं

पाण्याचे मीटर वाचणाऱ्यांच्या ऑफिसात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. वय अवघं वीस, पण बाईपण आधीच चिकटलं होतं. कारण असं की, मीटरचा आकडा लिहिला की ही त्याच्याशेजारी वेळही लिहायची. दहा वाजून बारा मिनिटं, दहा वाजून एकोणीस. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं पगारात दमडीचीही भर पडत नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात एका काकूंनी तिला दारातच फैलावर घेतलं होतं, की तू मीटर न बघताच आकडा ठोकलास. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. पुन्हा कुणी भांडायला आलं की ही आपली वही उघडायची. "काकू, अकरा सत्तेचाळीसला आले होते मी. तुमचा कुत्रा माझ्या बॅगेला लोंबकळत होता." कुत्र्याचा विषय निघाला की काकू गप्प.

बाबांना लेकीचं कौतुक होतं, पण पैशाच्या बाबतीत तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता. ते बस आगारात मेकॅनिक. त्यांचं म्हणणं, पगार बापाच्या खात्यात यावा आणि पोरीला लागेल तसा मिळावा.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणायचे. "तुला अजून अंथरूण कुठं संपतं तेच दिसत नाही."

"दिसणार कसं?" आत्या शिलाई मशीनवरून मान न वळवता म्हणायची. "तूच त्यावर लोळतोयस." आत्या बाबांची थोरली बहीण. घरात त्यांना असं बोलायची हिंमत तिचीच.

शेवटी तह झाला. खातं पोरीच्या एकटीच्या नावावर राहील. पण पहिल्या सहा महिन्यांत बँकेनं एकदा जरी दंड लावला, तर सातव्या महिन्यापासून पगार बाबांच्या खात्यात. तिनं हातावर टाळी दिली. स्वतः कमवून चपलेच्या अंगठ्यासाठी बापापुढे हात पसरायचा, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

पाच महिने तिनं खातं डोळ्यात तेल घालून सांभाळलं. सहाव्या महिन्याचा पगाराचा दिवस उजाडला, तेव्हा खात्यात आठशे होते. सकाळी सात चाळीसला तिनं नव्वदचा बसचा पास काढला. नऊ दहाला आत्याची औषधं घेतली, एकशे चाळीसची. अकराला पगार जमा झाल्याचा मेसेज आला आणि तिनं सुटकेचा निःश्वास सोडला, कारण संध्याकाळी सहाला आत्याच्या मशीनचा साडेसातशेचा हप्ता आपोआप कापला जाणार होता. दुपारी बुटाचा तळ बसवून घेतला, साठ. मग फोनचं रिचार्ज, एकशे दहा. हप्ताही वेळेवर गेला. सगळं वहीत वेळेनिशी लिहिलं आणि बाईसाहेब निवांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना फोन चार वेळा वाजला. शिल्लक अपुरी, जादा उचल, दंड शंभर. हेच चार वेळा.

समोर बाबा बसलेले. लपवता आलं असतं, पण तो तिचा स्वभाव नव्हता. तिनं फोन त्यांच्यापुढे धरला.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मेसेज दोनदा वाचले आणि हळूच म्हणाले, "जाऊ दे गं. होतं असं."

त्या मऊ आवाजानंच तिला रडू फुटलं. मग राग आला. "संध्याकाळपर्यंत थांबा," ती म्हणाली, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेली.

काउंटरवर तिच्याच वयाचा कारकून होता. त्यानं स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाला, "सिस्टीम तसंच करते. दिवसभराचे व्यवहार रात्री एकदम लागतात. आधी खर्च, त्यातही मोठा आधी. जमा सगळ्यात शेवटी."

तिनं वहीवर हिशेब मांडला. आठशेतून आधी साडेसातशे गेले की उरतात पन्नास. मग औषधं, रिचार्ज, पास, तळ, चारही खर्च उधारीवर. चार खर्च, चार दंड. पगार दिवसभर दारात ताटकळत उभा, आणि त्याला आत घेतलं तेही सगळा घोळ झाल्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"मॅनेजरसाहेबांना बोलवा."

मॅनेजर आले. उंच, शांत, घाईत. "बँकेचा नियम आहे, मॅडम."

"साहेब, मी पाण्याचे मीटर वाचते," ती म्हणाली. "मी महिनाअखेरचा आकडा आधी लिहिला आणि महिन्याच्या सुरुवातीचा नंतर, तर त्या घरात नळातून पाणी उलटं टाकीत गेलं असं बिल निघेल. असं बिल तुम्ही भराल?"

रांगेतले दोघं हसले. मॅनेजर हसले नाहीत.

मग तिनं बॅगेतून बँकेचीच पुस्तिका काढली, खातं उघडताना मिळालेली. ही पुस्तिका बहुतेक घरांत डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली असते. हिनं ती वाचली होती. पान नऊ, खालून तिसरी ओळ: व्यवहार ज्या क्रमानं होतील त्याच क्रमानं खात्यात नोंदवले जातील. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली, शेजारी आपली वही ठेवली आणि म्हणाली, "हा माझा क्रम. वेळेसकट. तुमचा दाखवा."

मॅनेजर केबिनमध्ये फोनवर बोलायला गेले. वीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांची घाई पार ओसरली होती. चारही दंड परत. शिवाय खात्यावर दंडाची नोंद राहणार नाही असं सही-शिक्क्याचं पत्र. बँकेच्या पायऱ्या ती दोन दोन करत उतरली. रस्त्यावर अनोळखी माणसांकडे बघून हसली. एवढा आनंद तिला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

संध्याकाळी तिनं पासबुक आणि पत्र बाबांच्या पुढ्यात ठेवलं. "दंड नाही," ती म्हणाली. "खातं माझंच."

बाबांनी पत्र वाचलं. पासबुकातल्या परतीच्या चार ओळींवरून बोट फिरवलं. मग आत गेले आणि कपाटातून रबर लावलेली तीन जुनी पासबुकं घेऊन आले. बँक तीच. पानापानावर तोच शब्द होता, दंड. कुठं महिन्यात एकदा, कुठं तीनदा.

"अकरा वर्षं," ते खाली बघत म्हणाले. "मला वाटायचं, माझाच हिशेब कच्चा. कुणाला सांगायची लाज वाटायची. तुझा पगार माझ्याकडे मागितला तो पैशासाठी नव्हे गं. पोर माझ्यावर गेली असेल, याची भीती वाटली."

मशीनची घरघर थांबली. आत्यानं तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, काही न बोलता मिटलं.

"तुमचं काही चुकलेलं नाही, बाबा," ती म्हणाली, आणि पहिलं पासबुक उघडलं.

शनिवारी सकाळी बँकेचं दार उघडलं तेव्हा रांगेत पहिली दोघं हीच. काउंटरवरच्या कारकुनानं तिला पाहिलं, तिच्यामागे तीन पासबुकं छातीशी धरून उभे असलेले बाबा पाहिले, आणि काही विचारायच्या आत उठून मॅनेजरना बोलवायला गेला. बाबांनी टोकन घेतलं, ते तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तूच बोल."