चेटकिणीची पालखी

माझ्या मावसभावाला माणसाचं तोंड दिसतच नाही. तोंड देवानं जेवण्यापुरतं दिलंय, बाकी माणूस ओळखायचा तो चालण्यावरून, हे त्याचं ठाम मत. उदगीरच्या बाजारात तो समोरून येऊन मला न ओळखता पुढं गेला, आणि पाठमोरा दिसल्यावर हाक मारून म्हणाला, "तुझा डावा गुडघा कधीपासून दुखायलाय?" गुडघा खरंच दुखत होता, म्हणून मला जास्तच राग आला. चाकूरच्या एका लग्नात तर हा नवरदेवाच्या मामाच्या मागं मागं, हुबेहूब त्यांच्यासारखा डुलत, मांडवभर फिरला. मामांनी वळून बघितलं. मग तासभर आम्ही हात जोडत होतो आणि हा माझ्या कानात सांगत होता, "टाच आधी टेकवत न्हाईत बघ ते. असं लई कमी बघायला मिळतं."

या वेडाचा पगार मिळतो, यावर मावशीचाही आधी विश्वास बसला नव्हता. हैदराबादच्या एका कंपनीत हा कार्टूनच्या सिनेमातल्या माणसांना चालायला लावतो. माणसं तरी कोण? राजकन्या, राजपुत्र, पांढरा घोडा ही मानाची कामं दुसऱ्यांना. आमच्या हिऱ्याच्या वाट्याला चेटकिणीचे नोकर. नाक नाही, डोळे नाहीत, नाव नाही, नुसत्या काळ्या सावल्या. चेटकिणीची पालखी उचलायची, तिच्या शिव्या खायच्या आणि शेवटी मरायचं. "तोंडच न्हाई, म्हणून सगळं चालण्यावर हाय," असं हा वर फुशारकीनं सांगायचा. आपल्या ताटात उरलंसुरलं वाढलंय हे ज्याला कळतच नाही, त्याच्यापुढं कपाळ बडवून उपयोग काय?

मागच्या दिवाळीत तो गावी आला आणि मावशीला म्हणाला, "माय, लातूरला चल. बाबा दाखवतो."

काकांना, म्हणजे त्याच्या बाबांना, जाऊन बारा वर्षं झाली होती. मोंढ्यात जन्मभर धान्याची पोती उचलली त्यांनी. उजवा खांदा खाली गेलेला, डावा पाय जरा बाहेर टाकत चालायचे. फोटो एकच, लग्नातला, तोही काठी गिळल्यासारखा ताठ. चालते काका कुठंच उरले नव्हते. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि तिला धरायला म्हणून मीही गेलो.

त्याचा सिनेमा लागला होता, थिएटर पोरांनी गच्च भरलेलं. चेटकिणीची पालखी आली, चार सावल्यांच्या खांद्यावर. मागच्या उजव्या सावलीचा खांदा उतरलेला होता आणि डावा पाय बाहेर पडत होता. मावशीनं माझं मनगट आवळलं. "तेच हायत," ती पुटपुटली. खरंच काका होते. तेवढ्यात राजकन्येनं दिवा वर धरला आणि काका पायांपासून विरत विरत गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यांच्या आईबापांनीही पिटल्या. त्या एकेकाच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर आल्यावर मावसभावानं विचारलं, "जमलेत का गं, माय?" शाबासकीसाठी जीव अगदी डोळ्यांत आला होता त्याचा. एवढ्या एका पालखीसाठी त्यानं महिनाभर रात्रीचा दिवस केला होता.

मावशी पायरीवर टेकली. "हुबेहूब जमलेत. पण जल्मभर दुसऱ्याचं ओझंच वाहिलं रे त्यांनी. तिथं बी तेच दिलंस? घडीभर कुठं बसवायचं तरी."

तो तिच्या शेजारी टेकला. मग म्हणाला, "बसवलं असतं, माय. पण बसल्यावर ते कसे दिसायचे, मी कधी बघितलंच न्हाई. जाताना बघितले, येताना बघितले. घरात आले की आडवे व्हायचे."

"मी सांगते की," मावशी म्हणाली. "ते असे..." आणि तिचा हात हवेतच थांबला. मीही आठवून पाहिलं. उदगीरची गाडी येईपर्यंत आम्ही तिघं आठवतच राहिलो.