एकशे एक टक्के शुद्ध

गोटण गावात चुन्याच्या भट्ट्यांना तोटा नाही, पण जेठमलच्या प्रयोगशाळेत घटकाभर टेकायला म्हणून कुणी गेलंय असं सहसा ऐकलं नाही. जावं तरी कशाला? एक खोली, काचेच्या पेटीतला तराजू, लालबुंद होणारी छोटी विजेची भट्टी आणि त्या भट्टीपेक्षाही कमी बोलणारा हा बाबा. खाणवाले दगड आणून टाकायचे, शुद्धतेचा आकडा घेऊन चालते व्हायचे. बायको जाऊन किती वर्षं झाली, मागं मूलबाळ नाही, पण 'कसं चाललंय रे?' एवढं विचारायचं कुणाला सुचायचं नाही. माणसं अशी असतात, काय करणार!

अपवाद एकट्या पेमारामचा. त्याची स्वतःची खाण होती आणि दुपार झाली की त्याची फटफटी दारात आलीच म्हणून समजा. पागोट्यावरची पांढरी धूळ उंबऱ्यातच झटकून तो ओरडायचा, "जेठ्या, चहा टाक! भट्टी तापलेलीच आहे तुझी, त्यातच ठेव पातेलं!" रोज हाच विनोद, आणि जेठमल रोज हसायचा. हसेल नाही तर काय? सबंध दिवसात त्याच्या वाट्याला आलेलं हसू तेवढंच असायचं.

तर या पेमारामची जुनी खाण संपत आली होती. मुलगा गोरधन सुरतेला कापडाच्या गिरणीत होता आणि फोनवर एकच टुमणं लावून बसला होता, की विकून टाका सगळं आणि इकडे या. बापही हट्टी. त्यानं रानाच्या पलीकडच्या अंगाला नवा खड्डा खणला आणि मुलाला सांगितलं, "दगड चांगला निघाला तर तू घरी यायचं. नाही निघाला तर मी गुमान तिकडे येतो." आणि त्या खड्ड्यातला पहिला दगड त्यानं जेठमलच्या टेबलावर आणून ठेवला.

"बघून सांग बाबा. माझं सगळं आता तुझ्या हातात."

जेठमलनं दगड हातात घेतला. पेमाचंच कशाला, पेमा सुरतेला गेला तर त्याचं स्वतःचं तरी गोटणात दुसरं कोण होतं?

या कामाचा हिशोब तसा सोपा. चुनखडी भाजली की तिच्यातला वायू उडून जातो आणि खाली कळीचा चुना उरतो. निखळ दगडाचे शंभर भार भाजले की चव्वेचाळीस उडणार, हे ठरलेलं. माती-वाळू मिसळलेली असेल तर ती मात्र मुशीत ठाण मांडून बसते, त्यामुळं वजन कमी घटतं. चाळीसच घटलं, तर चाळीसला चव्वेचाळीसनं भागायचं, दगड एक्क्याण्णव टक्के शुद्ध. गोटणात सगळ्यांचा याच भागाकारावर भरवसा.

मूस भट्टीतून निघाली, निवली, तराजूत बसली. शंभराला साडेचव्वेचाळीस घटले होते. जेठमलनं भागाकार केला आणि सवयीनं आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "एकशे एक."

झालं! पेमाराम ताडकन उठला.

"एकशे एक? अरे, हा तर शगुनाचा आकडा! नुसत्या शंभराचं पाकीट कुणी देतं का लग्नात? वर एक लागतोच! धरणीमातेनं आहेर केलाय रे मला!"

"पेमा, जरा थांब, हे असं होत नसतं..."

पण ऐकतोय कोण! फटफटी सुरू झालीसुद्धा. संध्याकाळपर्यंत त्यानं भट्टीवरच्या मजुरांना गूळ वाटला, गोरधनला फोन केला. गोरधन म्हणे फोनवर रडला. चुना भाजण्यात आयुष्य घालवलेली माणसं, पण एकशे एक म्हटल्यावर एकालाही शंका आली नाही. उलट प्रत्येकानं हात जोडून गुळाचा खडा तोंडात टाकला.

शंभरातले एकशे एक शुद्ध कसे असतील? जेठमलला हे कळत होतं, आणि तरी त्या संध्याकाळी तो मागं धावला नाही. त्याला वाटलं, दगड ओला असेल. थंडीचे दिवस, सकाळचं धुकं, आपण वाळवायला विसरलो. पाणी उडालं तेच वायूत धरलं गेलं. वाळवून पाहिला की सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव येईल, साखर कारखाना डोळे झाकून चुना घेईल, पेमा कुठंही जाणार नाही. देवाला कधी हात न जोडणारा हा माणूस, त्या दिवशी त्यानं ओलाव्यासाठी हात जोडले.

सकाळी त्यानं दगडाची पूड चांगली वाळवली, पुन्हा तोलली, पुन्हा भाजली. परत साडेचव्वेचाळीस.

मग आम्लात पूड विरघळवली. तळाशी शंभरातले पाच भार गाळ राहिला. म्हणजे वायू सोडणारा माल पंच्याण्णवच. तो सगळा चुनखडीचा असता तर बेचाळीसच्या आतच घटला असता. वरचे पावणेतीन कुठून आले? चुनखडीत मिसळलेल्या मॅग्नेशियाच्या दगडातून. तो दगड भाजला की चुनखडीपेक्षा जास्त हलका होतो, शंभराला बावन्न उडतात. जेठमलनं हिशोब मांडला. पेमाच्या दगडातला जवळजवळ तिसरा हिस्सा मॅग्नेशियाचा होता. असला चुना साखरवाले दारातसुद्धा उतरवून घेत नाहीत.

खोटं सांगावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं. पण कारखान्यातून चुन्याची पहिली गाडी परत आली की पेमा खाणीसकट बुडाला असता.

दुपारी पेमाराम आला, तो आज बर्फी घेऊन. जेठमलनं सगळं सांगितलं. पेमाराम बराच वेळ हातातल्या पुड्याचा दोरा सोडत-बांधत बसला.

"म्हणजे आहेर नाही."

"नाही रे."

"पोराला काय सांगू?" त्यानं डोळे पुसले. "जाऊ दे. शब्द दिलाय, जावं लागेल." मग एकदम मान वर करून त्यानं विचारलं, "जेठ्या, खरं सांग. या दगडाशिवाय मी गोटणात राहावं असं दुसरं काही आहे का?"

आहे ना, मी आहे, एवढंच जेठमलला म्हणायचं होतं. त्यानं तोंडही उघडलं.

"उत्तरेच्या कोपऱ्यातला एखादा तुकडा आणून पाहा," तो म्हणाला. "तिथं मॅग्नेशिया कमी असेल कदाचित."

पेमाराम बर्फीचा पुडा टेबलावर ठेवून उठला. "नको आता. शनिवारच्या गाडीनं निघतो. जिवाला जप."

"गोरधनला आशीर्वाद सांग."

फटफटीचा आवाज रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला, फाटकाच्याही पलीकडे गेला. मग जेठमल दारात आला आणि मोठ्यानं म्हणाला, "थांब ना रे, पेमा."