भित्र्या हातचा डिंक

श्रीधरभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते यंत्रापासून चार हात लांब उभे होते, नव्या जावयासारखे. अकोल्याच्या एमआयडीसीत मऊ कागदाचा आमचा कारखाना. तोंड पुसायचे, हात पुसायचे कागद तिथं होतात. मी पॅकिंगमध्ये नवी लागले होते आणि भाऊ डिंकखात्याचे प्रमुख म्हणून नवे आले होते. मी म्हटलं, "भाऊ, यंत्र तुमचं अन् तुमीच असे दूर काहून उभे?" ते म्हणाले, "मावशी, ते गरम आहे. अन् ते आपल्याले ओळखत नाही."

इतका भित्रा साहेब मी जन्मात पाहिला नव्हता. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. ती म्हणते, "आजी, साठीच्या गौरवग्रंथात 'भित्रा' शब्द बरा दिसत नाही." मी म्हटलं, लिही. भाऊंचा गौरव करायचा तर दुसऱ्या कोणत्या गुणाने सुरुवात करणार?

त्यांचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तव्यावरचं धिरडं डोळ्यांपुढे आणा. ओल्या लगद्याचा पातळ थर एका प्रचंड तापलेल्या लोखंडी ड्रमवर येतो. ड्रमवर आधीच पाण्यात कालवलेल्या डिंकाचा फवारा मारलेला असतो. थर तिथं चिकटतो, वाळतो आणि लगेच एक लांब पातं त्याला खरवडून काढतं. त्या खरवडण्यात कागदाला बारीक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांमुळेच तो मऊ होतो. डिंक कमी पडला तर कागद पापडासारखा कडक निघतो. जास्त झाला तर ड्रम सोडत नाही आणि पात्याशी फाटतो. चिकटलंही पाहिजे आणि वेळेवर सुटलंही पाहिजे. हे सासवांना जमत नाही, भाऊंनी यंत्राला शिकवलं.

डिंक कालवायला आम्हा बायकांनाच ठेवत. भाऊंनी आल्या आल्या फर्मान काढलं की डिंकखोलीत बांगडी चालणार नाही. गहजब झाला. नवरा धडधाकट असताना हात मोकळे कोण करील? बायका काम सोडायला निघाल्या.  तिसऱ्या दिवशी भाऊ घरून जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून घेऊन आले. "बांगड्या राहू द्या, पण वरून हे घट्ट बांधा. काच या डिंकात गेली तर कोणाच्या लेकराच्या गालावर निघन, ते मले सांगता येत नाही." त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही, पॅकिंगच्या बायकाही, हात पुढे करायचो आणि भाऊ एकेकीची पट्टी ओढून पाहायचे. शाळेत मी कधी गेले नाही. नखं तपासणारे मास्तर मला म्हातारपणी भेटले.

आम्ही हसायचो. भाऊ येताना दिसले की मी म्हणायची, "चाला वं, भीतीची आरती आली." ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

एका सकाळी माझ्या मुलाचं ऑपरेशन होतं. त्याला अमरावतीला राजापेठेतल्या दवाखान्यात नेलं होतं, सोबत व्याही होते. आम्ही सासू-सून कामावर आलो होतो, कारण घरी बसून भिंती खायला उठत होत्या. सून वंदना डिंकखोलीत होती. मी पॅकिंगच्या टेबलाशी गुंडाळीचं शेवटचं टोक ब्रशने चिकटवत होते आणि दर घडीला फोनकडे पाहत होते. तेवढ्यात वंदना आली. तोंड पांढरंफटक. कानाशी म्हणाली, "आई, बांगडी वाढली."

सवाष्णीची बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. पण शब्द बदलला म्हणून काळीज थोडंच ऐकतं? तिकडे माझं लेकरू टेबलावर होतं, आणि इकडे हे.

"कुठी?" मी विचारलं.

"डिंकात. पट्टी ओली झाली होती म्हणून सोडली, अन् झाकण हातावर पडलं. अर्धा डिंक टाकीत ओतून झाला होता आई, तेव्हा दिसलं."

"चाल. भाऊले सांगू."

"कामावरून काढतीन."

"काढू दे. चाल."

भाऊंनी ऐकलं. पहिला प्रश्न विचारला, "हाताले लागलं का?" नाही म्हटल्यावर त्यांनी यंत्राचं लाल बटण दाबलं. तो घरघराट थांबला तेव्हा मला जास्त भीती वाटली. एवढी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

बादलीतला डिंक त्यांनी फडक्यातून गाळला. हिरव्या काचेचे तुकडे निघाले. ते धुऊन त्यांनी एका पुठ्ठ्यावर मांडले, एकाला एक लावून, बांगडीचा गोल करत. आम्ही दोघी वाकून पाहत होतो. गोल झाला, आणि एका जागी नखाएवढी फट राहिली.

वंदना त्या फटीकडे पाहत राहिली. ती काय पाहत होती ते मला कळत होतं. मीही तेच पाहत होते.

मॅनेजरसाहेब आले. "एवढ्याशा काचेसाठी यंत्र बंद? गाडी दारात उभी आहे!" भाऊ लाल बटणापुढे आडवे उभे राहिले.  म्हणाले, "साहेब, मले भेव वाटते. तुमाले नसन वाटत, तर हा कागद आधी तुमच्या नातवाच्या तोंडाले लावा." साहेब आले तसे गेले.

भाऊंनी टाकी रिकामी केली आणि फवाऱ्याच्या नळ्या एकेक करून उघडल्या. शेवटच्या गाळणीत तो तुकडा अडकलेला होता. त्यांनी तो फटीत ठेवला. गोल पुरा झाला.

"म्हणजे कागद चांगला आहे," साहेब पुन्हा येऊन म्हणाले.

"तुकडा सापडला, साहेब. चुरा डोळ्याले दिसत नाही," भाऊ म्हणाले, आणि त्या सकाळचा सगळा कागद त्यांनी बाहेर जाऊ दिला नाही.

मग माझाच ब्रश घेऊन त्यांनी ते तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवले. वंदनाने विचारलं, "भाऊ, अपशकुन तर नाही ना?" ते म्हणाले, "पुरी आहे पोरी. एकही तुकडा बाहेर नाही." दुपारी व्याह्यांचा फोन आला; लेकरू शुद्धीवर आलं होतं. ते डॉक्टरांमुळे आलं, बांगडीमुळे नव्हे, एवढं मलाही कळतं. पण ती दुपार आम्ही दोघींनी त्या पुऱ्या गोलाकडे पाहून काढली, हेही खरं. वंदनाला कामावरून काढलं नाही. भाऊ साहेबांना म्हणाले, "जी स्वतः येऊन सांगते, तिले काढलं तर उद्या कोण सांगन?"

तो पुठ्ठा अजून डिंकखोलीच्या दारावर आहे. आमचा डिंक पाण्याला सुटणारा. पावसाळ्यात तुकडे ढिले पडतात आणि भाऊ ते पुन्हा चिकटवतात.

आता भाऊ निवृत्त होत आहेत. मी काम सोडलं, सून अजून तिथंच आहे, आणि नवं यंत्र याहून जोरात पळणार म्हणतात. परवा भाऊ घरी आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "मावशी, भेव वाटून राहिलं."

"आता कशाचं, बाप्पा?"

"माह्या मागं कोणाले भेव वाटणार नाही, याचं."

मला चेष्टा सुचली नाही. असं माझं फार क्वचित होतं. मी वंदनाकडे पाहिलं. तिने पट्टी बांधलेला हात त्यांच्यापुढे केला. रजेच्या दिवशी, घरात, स्वयंपाक करताना! भाऊंनी पट्टी ओढून पाहिली आणि म्हणाले, "जराशी ढिली आहे."

श्रीधरभाऊ, तुम्हाला शंभर वर्षं मिळोत आणि अंगात ताकद राहो. देव माणसाला म्हातारपणी धीट करतो म्हणतात. तुम्हाला त्याने करू नये. आणि पावसाळ्यात कारखान्यात एक चक्कर मारत जा. तुकडे ढिले पडतात.