चाक पुढं की मागं

करीम मिस्त्रींनी चाक नावेच्या तोंडाशी बसवलं आणि हात पुसत म्हणाले, "देखो आक्का, मोटारीगत दिसायलंय का न्हाई?"

दिसत होतं खरं. मिस्त्री सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधले फिटर. जन्म तिथल्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला, ते चाक पुढंच ठेवणार. आमचे मालक वारल्यापासून गंगेवरची, म्हणजे आमच्या गोदावरीवरची, ही नाव मीच चालवत होते, मागं उभी राहून, वल्ह्यानं. आता तहसीलदार साहेबांनी इंजिन दिलं होतं. उद्या ते ट्रायलला येणार, आणि नाव पसंत पडली नाही तर घाट, म्हणजे इथं नाव चालवायचा ठेका, दुसऱ्याकडं जाणार, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

तुम्हाला सांगते, नाव वळवते ती मागं पाण्यात असलेली फळी, म्हणजे सुकाणू. चाक तारांनी तिला ओढतं. म्हणून चाक कुठंही बसतं. माणसं मात्र कुठंही बसत नाहीत.

त्याच दुपारी पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेल्या दहा-बारा बायका घेऊन नाव पाण्यात घातली. मधल्या धारेत आलो, तशा सगळ्या उठून पुढं आल्या, गंगेची ओटी भरायला. एकीचा पदर चाकात, दुसरी माझ्यासमोर. नावेचं तोंड खाली दबलं, मागचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता भिरभिरला, इंजिन किंचाळलं. धारेनं नाव ओढली. वल्हं सोबत होतं म्हणून काठ मिळाला.

मिस्त्री म्हणाले, बायकांना बसवून ठेवा.

"त्या न्हाई बसायच्या, मिस्त्री. मी बी कधी बसले न्हाई. तुमी तारा आखूड करा."

कुरकुरत त्यांनी चाक मध्यापासून जरा मागं आणलं. पायाखाली मी खोकं घेतलं, म्हणजे डोक्यांवरून पुढची वाळू दिसेल. तरी बायका पुढंच जाणार, त्याचं काय? विचार करत बसले, आणि नावेच्या तोंडावर नजर गेली. तिथं कुंकू होतं. रोज सकाळी मीच लावायची. बायका तोंडाकडं जातच नव्हत्या, कुंकवाकडं जात होत्या.

ते पुसलं आणि चाकाच्या खांबाला लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेब नावेत असताना मधल्या धारेत बायका उठल्या, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या दोन्ही अंगांनी वाकून ओटी भरली. नाव हललीसुद्धा नाही. साहेबांनी विचारलं, चाक इतकं मागं कशाला?

मिस्त्री लय गंभीरपणे म्हणाले, "हुजूर, वजन का हिसाब है."

घाट माझ्याकडंच राहिला. चाक बसवायच्या आधी नावेत बसणारं माणूस कुठं उठून जातं ते बघावं, एवढंच मी शिकले. मिस्त्री मात्र पुढं सगळ्यांना तो हिसाब आपलाच म्हणून सांगायचे. सांगू दे.