बायका एका खोलीत

आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एक पाहुण्यांची खोली आहे. लग्न होऊन दिल्लीत आल्यापासून ती रिकामी अशी मी फार थोडे दिवस पाहिली. केदारनाथला निघालेले, वैष्णोदेवीहून परतलेले, कुठल्याशा मंत्रालयात फाइल अडकलेले, कोचिंगला आलेले पुतणे आणि ‘सहज दिल्ली बघू म्हटलं’ असे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यामुळे त्याचं घर म्हणजे महाराष्ट्राचीच एक खोली दिल्लीत, असं त्याच्या सगळ्या नातेवाइकांना मनापासून वाटतं. त्यालाही तसंच वाटतं, ही खरी अडचण.

आलेल्या प्रत्येकाला पानिपतला नेऊन काला अंबचं युद्धस्मारक दाखवायचं, हा आमच्याकडचा नियम. लग्नानंतरचा माझा पहिला प्रवाससुद्धा तिथेच झाला. बरोबर सासू-सासरे, मोठे दीर, जाऊ आणि माझ्या हातात हिरवा चुडा. लोक नव्या नवरीला थंड हवेच्या ठिकाणी नेतात, मला रणांगणावर नेलं. नवऱ्याने स्मारकासमोर उभं राहून लढाई सांगितली, शेवटी त्याचा आवाज भरून आला, सासऱ्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी तो मला आवडला, हे नाकारत नाही. पण तीच लढाई मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती दुपारपर्यंत आली की मी पाण्याची बाटली उघडून ठेवते. पुढे त्याचा घसा बसतो.

पाहुण्यांसमोर भांडायचं नाही, हा दुसरा नियम. म्हणून आमची भांडणं स्वयंपाकघरात, मिक्सर लावून होतात. पुष्कळदा मिक्सरमध्ये काही टाकलेलंही नसतं. तो फार वेळ चालवता येत नाही, तापतो, आणि बंद केला की आम्हीही बंद होतो. अशी अर्धी राहिलेली किती भांडणं त्या ओट्यावर पडून आहेत, कोण जाणे.

गेल्या वर्षी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि पाठोपाठ पुतण्याचं कोचिंग संपलं. खोली रिकामी झाली. मी नोएडाच्या ऑफिसात रजा टाकली आणि नवऱ्याला सांगितलं, भीमतालला जायचं. डोंगर, तलाव आणि आपण दोघं. कुणाला बोलवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तो म्हणाला, “बिल्कुल.” मी तलावाकडे बाल्कनी असलेली खोली बुक केली. निळा स्वेटर घेतला. या वयात निळा स्वेटर कशासाठी घेतला, हे मला नीट ठाऊक होतं आणि त्यालाही कळावं अशी माझी इच्छा होती.

निघायच्या आठवड्यात, चहा पिता पिता, पेपरातून डोकं न काढता त्याने सांगितलं की दादा-वहिनीही येताहेत. दुसरी खोली त्याने हॉटेलला फोन करून घेऊन टाकली होती. दादा म्हणजे त्याचे तेच मोठे भाऊ, साताऱ्याचे. आपण फोनवर सहज बोललो आणि ते म्हणाले आम्हीही येतो, आता त्यांना नाही कसं म्हणणार यार, असं त्याचं म्हणणं.  माझ्यात मिक्सर लावण्याइतकीसुद्धा ताकद उरली नव्हती. मला वाटलं, हा माणूस मोक्षाला निघाला तरी रिक्षात आणखी दोघांची जागा धरून ठेवेल.

गाडीत पुढे दादा बसले, कारण त्यांचे गुडघे. मागे मी, वहिनी आणि त्यांनी साताऱ्याहून आणलेल्या दशम्या. हापूर येईपर्यंत दशम्या संपल्या आणि मुरादाबाद येईपर्यंत माझी सहनशक्ती. काठगोदामनंतर घाट लागला, पाइनची झाडं दिसायला लागली, आणि दादांनी प्रत्येक वळणावर हे आपल्या महाबळेश्वरासारखंच आहे असं सांगायला सुरुवात केली. नवरा प्रत्येक वेळी हो म्हणत होता. मी खिडकीची काच खाली केली तर वहिनींना वारा लागला. काच वर केली.

खरा तडाखा हॉटेलच्या काउंटरवर बसला. दादांनी दोन्ही किल्ल्या उचलल्या आणि म्हणाले, “बायका एका खोलीत, आम्ही एका.” त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. त्यांच्याकडे असंच असतं, लग्नकार्यात, देवदर्शनाला, कुठेही. आपण जोडप्याने आलो आहोत हे चारचौघांत कळू द्यायचं नसतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बॅगांकडे पाहत होता. तलावाकडची खोली पुरुषांना मिळाली, दादांना मोकळी हवा लागते म्हणून. मला आणि वहिनींना मागची. तिच्या खिडकीतून पाण्याची काळी टाकी आणि डोंगराची ओली भिंत दिसत होती.

असे दोन दिवस गेले. सकाळी सगळ्यांनी मिळून चहा, मग सगळ्यांनी मिळून तलावाभोवती फेरी, दादा आणि नवरा पुढे, आम्ही मागे. निळा स्वेटर मी घातलाच नाही. वहिनींच्या शेजारी बसून मटारच्या शेंगा सोलून खायला तो घेतला नव्हता. नवरा खूश दिसत होता, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी वहिनी पलंगावर बसून दादांच्या गुडघ्याचा पट्टा गुंडाळत होत्या. सहज म्हणाल्या, “आम्ही तर नकोच म्हणत होतो गं. ह्यांना घाट झेपत नाही. पण भावजींनी इतका आग्रह केला, तीनदा फोन केला. म्हटलं, इतकं बोलावताहेत तर मन मोडवेना.”

मी केस विंचरत होते. फणी केसांतच राहिली. दादांनी स्वतःला बोलावून घेतलं नव्हतं. ज्याने मला “बिल्कुल” म्हटलं होतं, त्यानेच मिनतवाऱ्या करून त्यांना आणलं होतं.

खाली जेवणघरात दोघे भाऊ राजमा-चावल समोर घेऊन बसले होते. मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, “दादा, तुमची बॅग मी वहिनींच्या खोलीत नेऊन ठेवते. मला ह्याच्याबरोबर राहायचंय. त्यासाठीच आले होते मी.”

आमच्या घरात कुठल्या सुनेने मोठ्या दिरासमोर असं वाक्य उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. वहिनी माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला. नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दादांनी चमचा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अगं, मग आधीच सांगायचंस.” आणि पुन्हा जेवायला लागले. इतकं सोपं होतं ते.

नवऱ्याला मात्र सोपं नव्हतं. खोलीत येताच त्याने दार लावलं आणि दबक्या आवाजात सुरू झाला. मी त्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, दादाला काय वाटलं असेल, वहिनी साताऱ्यात सगळ्यांना सांगेल. समोर बाल्कनी होती, खाली तलाव पसरलेला होता, आणि तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता. मी विचारलं, फोन कुणी केला होता? तो थांबला. मी पुन्हा विचारलं, तीनदा फोन करून कुणी बोलावलं त्यांना, आणि माझ्याशी खोटं का बोललास?

तो पलंगाच्या कडेला बसला. चष्मा काढून पुसायला लागला. मग म्हणाला, “चार दिवस आपण दोघंच काय बोलणार होतो गं? मी घरीच विचार करून पाहिला. मला काही सुचेना. भीती वाटली.”

इतकी वर्षं मी या माणसाला पाहुण्यांचा लोभी समजत होते. तो लोभी नव्हता. त्याला आडोसा हवा होता, आणि आडोसा माझ्यापासून. हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. आला तो रागच. मी बॅगेतून निळा स्वेटर काढला, अंगात घातला आणि त्याला म्हणाले, चल खाली.

धक्क्यावर एक होडी मोकळी होती. नवरा दबकत बसला. होडी काठापासून सुटली आणि मी सुरू केलं. हिरव्या चुड्यापासून. रणांगणावर नेलेल्या नवरीपासून. मुलीला ताप असताना बैठकीच्या खोलीत झोपवून तिची खोली कुणाच्या मेव्हण्याला दिली होती तिथपासून. तो आधी इकडेतिकडे बघत हळू, हळू म्हणत होता. मग त्याच्या लक्षात आलं की चारी बाजूंना पाणी आहे आणि होडीवाल्याला मराठी कळत नाही. तलावाच्या मध्यावर आल्यावर तोही ओरडला. मी कधी त्याचं एक वाक्य पुरं ऐकलं नाही, म्हणाला. पाहुणे नसले की मी फोनमध्ये असते, म्हणाला. पाणी द्यायला मी लढाई संपायचीही वाट बघत नाही, म्हणाला. हे त्याने पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, मग बोलायचं होतंस. तो म्हणाला, कधी? मिक्सर बंद झाल्यावर?

डोंगर, तलाव, सगळं तिथेच होतं. मी तिकडे एकदाही पाहिलं नाही. माझा राग उतरला नव्हता, आजही पूर्ण उतरलेला नाही. ते खोटं मी विसरणार नाही.

होडी धक्क्याला लागली. होडीवाल्याने दोर बांधला आणि आम्ही उतरायची वाट बघत उभा राहिला. नवरा माझ्या एका प्रश्नाचं उत्तर देत होता आणि उत्तर अजून संपलं नव्हतं. त्याने जागेवरून न उठता, माझ्यावरची नजर न काढता, होडीवाल्याला हाताने परत फिरायची खूण केली.

“भैया, एक चक्कर और.”