होती एक बाई

आली की तिचं ठरलेलं. पदराचं टोक उजव्या मनगटाभोवती गुंडाळायचं, खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचं आणि काहीही विचारलं की म्हणायचं, "म्या काय केलं भाऊ? झालं ते."

चिखलीत बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. तुम्ही कधी येऊन बसा, म्हणजे कळेल. बायोडाटा करायला येणारी पोरं अंगात नसलेले गुणही बिनधास्त टाकायला लावतात. असलेले खोडायला लावणारी मला ही एकच भेटली.

आमच्याच गल्लीत राहायची. सगळे वहिनी म्हणायचे. नवरा गेलेला, शाळेत खिचडी शिजवायचं काम होतं, तेही सुटलं. बीबी गावाला भावाकडे जायची वेळ आली होती. तेवढ्यात मेहकरच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली. पगार आणि राहायला खोली.

"भावजय चांगली हाय," ती म्हणाली, "पण दुसऱ्याच्या घरी चहा मांडतानाई विचारा लागते."

मी तिच्या बायोडाटात टाइप केलं, 'शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली तेव्हा ती विझवून मुलांना सुखरूप बाहेर काढले.' अख्ख्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट.

"हे काढा."

"काऊन? खोटं हाय का?"

"खोटं नाई. पण लोकं म्हणतील, बाई सोताच सोताचं सांगून राह्यली."

मी कपाळाला हात लावला, पण ओळ काही काढली नाही. त्यावर ती दोन दिवस फुगून बसली.

मग मुलाखतीची तालीम. दुपारी सेंटर रिकामं असलं की मी साहेब व्हायचो.

"आग कोणी विझवली?"

"होती एक बाई."

आणि त्या बाईबद्दल सुरू झाली की काय बोलायची म्हणून सांगू! त्या बाईनं ओलं पोतं कसं टाकलं, नळी पेटलेली असताना सिलिंडर कसं बंद केलं, लेकरं एकमेकांचा हात धरून कशी बाहेर काढली. ऐकत राहावं. पण 'मी' म्हणा म्हटलं की गाडी ठप्प. मी जाम चिडायचो. "वहिनी, नोकरी तुम्हाले पायजे का त्या बाईले?"

"हाव ना भाऊ, समजलं," म्हणायची आणि पुन्हा तेच.

मुलाखतीच्या दिवशी मला मेहकरहून प्रिंटरचं टोनर आणायचं निमित्त होतंच. एसटीनं दोघं बरोबरच गेलो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात शिकलेल्या, चटपटीत बाया बसलेल्या. तिला आत बोलावलं आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलं, ते सांगा," अध्यक्षांनी विचारलं.

आतून आवाज आला तो तोच.

"आमच्या शाळेत होती एक बाई..."

झालं! मी डोळे मिटून घेतले. आत पोतं, सिलिंडर, लेकरं, सगळं रंगात आलं होतं. संपलं तसा एक सदस्य हसत म्हणाला, "मग त्याच बाईले आणाचं होतं ना इथं!"

सगळे हसले. मी बाहेर दात आवळून उभा. बोला वहिनी, आता तरी बोला. नाहीतर उद्या बीबीची गाडी.

तिनं मान वर केली. मनगटावरचा पदर हळूहळू सोडला आणि हात टेबलावर ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून आक्रसलेली होती. इतके दिवस माझ्यासमोर बसत होती, मला पत्ता नाही.

"आणलं ना साहेब," ती म्हणाली. "ती बाई मीच."

हसू जागच्या जागी थांबलं. अध्यक्षांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं.

तेव्हापासून ती मेहकरलाच आहे. खरं सांगतो, दुपारी सेंटर रिकामं झालं की फार आठवण येते. परवा फोन आला होता.

"काल एक बाप पोरीची शाळा सोडवून न्यायले आला, भाऊ. लग्न लावून देतो म्हणे. फाटकातूनच वापस पाठवला त्याले."

"कोणी पाठवला?"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "होती एक बाई."

या खेपेला मी ओरडलो नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हटलं, "मंग? पुढं काय केलं त्या बाईनं?"